गॅरेजमधला बास

डेटन, ओहायो
रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय व्हर्नीता,

इतक्या वर्षांनी माझं पत्र! या ओझेलला आता काय सुचलं, असं म्हणशील. मी बरा आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. आपला ड्रमवाला बुकर अजून तसाच आहे, तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ. चर्चच्या उन्हाळी सहलीत आमचा जुना फंक बँड पुन्हा वाजवणार आहे. बुकरचा एकच हट्ट, आपल्या त्या गाण्याचा बास रेकॉर्डवर आहे अगदी तसाच हवा. "लोक काय तुझं टक्कल बघायला येणारेत? त्या बाससाठी येणारेत," म्हणाला.

म्हणून तळघरातून जुना सिंथेसायझर वर आणला. चालतो गं अजून, पण तापायला वेळ घेतो, माझ्यासारखाच. बासचा आवाज ज्यांतून बनतो ते तिन्ही सूर एकमेकांपासून केसभर दूर ठेवले, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरणंही जमवलं. सगळं जागच्या जागी, पण दबका आवाज 'वाँव' करत मोकळा व्हायला हवा, ते त्याचं तोंड काही उघडेना. मग आवाज आपोआप उघडणारं एक यंत्र आणून जोडलं. ते ऐकून बुकर म्हणाला, "हा बास आहे की पोट बिघडलेला बैल?" मी हसलो, पण रात्री जेवण गेलं नाही.

कारण मला ठाऊक होतं काय कमी आहे ते. बुकरच्या वडिलांचं गॅरेज आठवतं? माझा डावा हात या सिंथेसायझरवर बास वाजवण्यात, उजवा दुसऱ्या कीबोर्डवर, आणि आवाज उघडायचं ते गोल बटण फिरवायला तिसरा हात कुठून आणू? तू तळलेल्या माशाचं सँडविच घेऊन आली होतीस. बोटं स्कर्टला पुसलीस आणि म्हणालीस, "सरक, तू वाजव, हे मी बघते." दर वेळी ठोका पडून गेल्यावर जराशाने फिरवायचीस. बुकर ओरडायचा, "व्हर्नीता, उशीर होतोय!" त्यावर तुझं ठरलेलं उत्तर, "उशीर नाही रे, वाट बघायला लावतेय." त्या उशिरावर सगळं डेटन नाचलं.

पुढे मला गावोगाव वाजवत हिंडायचं होतं आणि तुला घर हवं होतं. चुकलं कुणाचंच नाही, दुखलं मात्र फार. तू सिनसिनाटीला वॉल्टरचा संसार केलास, तो छान केलास असंच ऐकत आलो. मी लग्न केलं नाही. लोकांना सांगायचो, वेळच मिळाला नाही.

मंगळवारी तुझ्या टमीकाला फोन केला. त्या बटणाबद्दल तुला विचारायचं होतं, खरं तर तुझा आवाज ऐकायचा होता. ती म्हणाली, "मिस्टर ओझेल, मम्मा आता मलासुद्धा ओळखत नाही. नुसती चादरीचं टोक चिमटीत धरून पिरगळत बसते. नर्स म्हणते, या आजारात हात असेच चाळवतात." मी तिला म्हटलं, ती पिरगळेल तेव्हा तू नुसतं 'आता' म्हण. आणि इकडे पायाने आपल्या गाण्याचा ठेका धरला. आता... आता... आता. दर वेळी ठोका पडून गेल्यावर, जराशाने. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात ढसाढसा रडलो. टमीका तुला हे पत्र वाचून दाखवणार आहे. बाळ, इथे रडू नकोस, पुढचं नीट वाच. व्हर्नीता, शनिवारी मी सिंथेसायझर घेऊन तुझ्याकडे येतोय. मला ओळखतेस का, असं विचारणार नाही. चादरीचं टोक सोडवून ते बटण तुझ्या चिमटीत देईन आणि डाव्या हाताने वाजवत राहीन. लगेच नाही फिरवलंस तरी चालेल. खुशाल वाट बघायला लाव, मला सवय आहे.

तेव्हाही आणि आताही तुझाच,
ओझेल