दोन बोटं पाणी

७ जुलै, सोमवार

मयुरी आली! जावई भूपेंद्ररावांनी नरडाण्याहून गाडी इतकी जपून आणली की रिक्षासुद्धा पुढे निघून गेल्या म्हणे. सातवा सरला. पहिलं बाळंतपण माहेरी — आणि या माहेरात आई नाही. म्हणून ताईबाई अक्काला गावाहून आधीच बोलावून ठेवलंय. माझी थोरली बहीण. सत्तरीला आली, अजून दोन बायकांचं काम ओढते.

मयुरीने चपला काढल्या आणि सरळ देवाच्या खोलीत गेली. तिच्या आईच्या, माझ्या सुनंदाच्या घागरीपुढे उभी राहिली.

"पप्पा, आखाजीची घागर अजून भरलेलीच?"

हो म्हटलं, अक्षय्य तृतीयेपासून. मग लाजत लाजत सांगूनही टाकलं — रोज सकाळी फडक्याची एक बाजू सोडतो, बोट बुडवून बघतो. दोन बोटं पाणी कमी झालेलं असतं. तेवढं भरतो, पुन्हा बांधतो. सांगताना हसू आलं मला. जावईबापूंनी खिडकीबाहेर बघितलं. मयुरी मात्र माझ्याकडेच बघत राहिली.

मातीची घागर, झिरपणारच! एवढं कळत नाही का मला? कळतं. तरी बोट बुडवलं की वाटतं, सुनंदा पिऊन गेली.

८ जुलै, मंगळवार

अक्काने आज पुन्हा विषय काढला. "आखाजी गई, भाऊ. आते घागर रिकामी कर. पितर पाणी पी ग्यात."

बरोबर आहे तिचं. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरायची, वर खरबूज ठेवायचं, सांजोऱ्यांचा नैवेद्य दाखवायचा. झालं. दुसऱ्या दिवसापासून घागर रोजच्या वापरात. सुनंदा स्वतः माझ्या आईच्या नावाने भरायची आणि दुसऱ्या दिवशी त्यातलंच गार पाणी मला द्यायची.

पण यंदा घागर सुनंदाच्या नावाची. आणि शेवटच्या चार महिन्यांत तिच्या किडनीमुळे डॉक्टरांनी पाणी बांधून दिलं होतं. दिवसाला तीन पेले. पेला माझ्या हातात. "अहो, एक घोट." मी म्हणायचो, संध्याकाळी देतो. शेवटच्या दिवशीसुद्धा हेच म्हणालो. संध्याकाळ झाली तेव्हा ती नव्हती.

आता तिची भरलेली घागर मी ओतू? नाही ओतवत.

आणि भीती कसली? एकतीस वर्षं आरोग्य सेवक होतो मी. बोदवडपासून धुळ्यापर्यंत किती घरांची मडकी पालथी केली असतील! घागरीला दुहेरी फडकं आहे, वर सुतळी, वर माझी गाठ. डासाच्या बापाला सुटायची नाही.

११ जुलै, शुक्रवार

चार बोटं!

दोनदा बोट बुडवलं. चारच. लेक घरी आली म्हणून तहान वाढली का ग तुझी?

आणि गंमत म्हणजे गाठ सैल होती. सुनंदाला आयुष्यात एक गाठ धड बांधता आली नाही. परकराची नाडी, पिठाची पिशवी, सगळं सुटायचं. मी चिडवायचो, ती म्हणायची, "बांधायला तुम्ही आहात ना."

दिवसभर अंगाला गार वारा लागल्यासारखं वाटत होतं. ऊन मरणाचं.

१४ जुलै, सोमवार

मागच्या गल्लीत प्रेमराज मास्तरांना डेंग्यू निघाला. झालं, मी कामाला लागलो! निवृत्त झालो तरी हाडात मुरलंय.

कूलर कोरडा केला, घासला, गच्चीवर टाकला. फ्रिजमागची पाण्याची पेटी रिकामी. कुंड्यांखालच्या बशा गेल्या. पाखरांचं पाणी रोज बदलायचं. टाकीला जाळी, बाहेरच्या हौदात गप्पी मासे. खिडक्यांना जाळ्या होत्याच. मयुरीला सक्त ताकीद — पूर्ण बाह्या, पायात मोजे, आणि दुपारीही मच्छरदाणीतच झोपायचं.

"दुपारी, पप्पा?"

"दुपारीच! हा डास दिवसपाळीवाला. पायांवर पांढरे पट्टे. संध्याकाळी कडुलिंबाचा धूर करून काय उपयोग, तोवर त्याची ड्युटी संपलेली असते."

ती हसली. सुनंदासारखी हसते, नाक आधी.

१५ जुलै

चार बोटं.

१७ जुलै, गुरुवार

आरोग्य खात्यातली ज्योती आली होती तपासणीला. ही पोर नवी नोकरीला लागली तेव्हा मीच तिला शिकवलं — बॅटरी तिरपी धरायची, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, पडली की अळ्या तळाला पळतात. आता तीच माझ्या हौदात बॅटरी मारत होती. गप्पी मासे बघून म्हणाली, "नाना, तुमच्या घरात शोधायचं म्हणजे पोलिसाच्या घरात चोरी शोधायची."

फुगलो मी. मग ती निघता निघता म्हणाली, "आत काही पाणी साठवलंय?"

"काही नाही."

थांबली. "आत, देवाजवळ वगैरे?"

"नाही ग बाई, सांगितलं ना!"

तिने भिंतीवर खडूने तारीख टाकली आणि गेली. मी दार लावून घेतलं. खोटं बोललो. का? ती म्हणाली असती, नाना, ओता. मला ओतावं लागलं असतं. आणि माझी गाठ पक्की आहे, ओतायची गरजच काय!

२० जुलै, रविवार

दुपारी मयुरीच्या खोलीत खुर्ची टाकून बसलो होतो. ती मच्छरदाणीत झोपलेली, पोटावर हात. पांढऱ्या जाळीतून ती कधी मयुरी दिसायची, कधी बोदवडला असतानाची सुनंदा. तेव्हा मयुरी अशीच पोटात होती आणि मी फवारणीच्या औषधाचा वास घेऊन घरी यायचो. "आधी अंघोळ, मग जवळ या!"

डोळा लागला माझा. स्वप्नात सुनंदा तांब्या घेऊन अंगणात चालली होती. पाणी सांडत, सावकाश. हाक मारली तर वळली नाही. जागा झालो तेव्हा मोरीजवळची फरशी ओली होती. अक्काने पुसली असेल, धुतली असेल. मी मात्र त्या ओल्या फरशीकडे कितीतरी वेळ बघत राहिलो.

अंगणातला कढीपत्ता काय फुटलाय यंदा!

२५ जुलै, शुक्रवार

मयुरीच्या हातावर डास मारला. पट्टेवाला!

माझ्या घरात? जाळ्या तपासल्या — एकही भोक नाही. मग आला कुठून? छगनच्या टाकीतून, दुसरं काय. शेजारी असून त्या माणसाने टाकीला कधी झाकण लावलं नाही. गेलो तणतणत. तोही तापला.

"मनी टाकीमा एक बी किडा नही शे! ये, तूच देख. आते रिटायर व्हई गया ना भाऊ, घर बस!"

चढलो शिडी. बॅटरी तिरपी धरली. पाणी नितळ, तळाची गंजकी रेघसुद्धा दिसत होती. एक अळी नाही. खाली उतरलो ते मान खाली घालूनच. छगनने चहा दिला.

२८ जुलै

आणखी दोन मारले. देवाच्या खोलीच्या दाराशी. सगळं घर पालथं घातलं. टायर नाही, डबा नाही, नारळाची करवंटीसुद्धा नाही.

घागर? छे. गाठ आहे.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाईचा सण. घरोघर नैवेद्याच्या रोटांचा वास. अक्काने मयुरीला खाली बसू दिलं नाही, पाटावर उशी, उशीवर लेक. भूपेंद्रराव आले होते. बायकोचे सुजलेले पाय बघून मला म्हणाले, "तुमच्या घरी आहे म्हणून मी निर्धास्त आहे, पप्पा."

सकाळी घागर — पाच बोटं. सणाचं पाणी.

६ ऑगस्ट, बुधवार

मयुरीला ताप. एकशे तीन. डोळ्यांमागे ठणकतंय म्हणते.

डोळ्यांमागे. हे वाक्य मी हजार लोकांच्या तोंडून ऐकलंय.

७ ऑगस्ट, गुरुवार

डेंग्यू. रिपोर्ट हातात घेऊन घरी आलो, तिचे कपडे न्यायला. दवाखान्यात अक्का तिच्याजवळ आहे.

देवाच्या खोलीत गेलो. का कोण जाणे, बॅटरी खिशात होती. त्या खोलीत मी कधी बॅटरी नेली नव्हती. रोज अंधारात एका कोपऱ्यातून बोट बुडवायचो, पाणी भरायचो, बांधायचो. आज गाठ बघितली — सैल. फडकं पूर्ण काढलं. बॅटरी तिरपी धरली.

वळवळत होत्या. वर, खाली, वर. पाण्यावर कोष. कडेला, जिथे पाणी चढतं-उतरतं, तिथे काळी अंडी चिकटलेली. दोन-दोन बोटं भरून रोज मीच ती भिजवत होतो! वरून पाणी भरलं म्हणजे भांडं स्वच्छ होत नाही, घासावं लागतं, कोरडं करावं लागतं — हे मी किती बायकांना दटावून सांगितलंय. कुणी रडली होती, सासूची आठवण आहे म्हणून. तिचंही मडकं मी ओतलं होतं. तोंडातून एक बरा शब्द काढला नव्हता.

घागर उचलली. अंगणात तापलेल्या मातीवर ओतली. सुनंदा, माफ कर. तुझं पाणी ओतलं ग. काथ्याने आतून घासली, पुन्हा घासली, उन्हात पालथी ठेवली. मग तिथेच बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

८ ऑगस्ट, शुक्रवार

प्लेटलेट अडतीस हजार. बाळाचे ठोके आहेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, पुढचे दोन-तीन दिवस जपायचे. दोघांचंही सांगता येत नाही.

बाहेर भूपेंद्ररावांना सगळं सांगितलं. घागर, खोटं, सगळं. ते भिंतीला टेकून उभे राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग नर्सने बोलावलं. "काका, यांना पाणी पाजा. नारळपाणी, सरबत, साधं पाणी. जितकं पितील तितकं."

"किती?"

"मोजू नका हो. पाजत राहा."

चमचा हातात घेतला. मयुरी डोळे मिटून पीत होती. मी पाजत होतो.

९ ऑगस्ट

एकतीस हजार. ठोके आहेत.

१० ऑगस्ट, रविवार

ज्योती भेटायला आली. तिलाही सांगितलं. वाटलं, तोंड फिरवेल. ती म्हणाली, "नाना, प्रत्येक घरात अशी एखादी घागर असतेच. म्हणून तर 'आत काही आहे का' दोनदा विचारायचं, हे तुम्हीच शिकवलंत. मी तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं."

११ ऑगस्ट, सोमवार

सेहेचाळीस! वर चढले! अक्का दवाखान्याच्या पायरीवर बसून कानबाईला हात जोडत होती. "बठ्ठं तुनंच शे, माय." सगळं तिचंच.

१४ ऑगस्ट, गुरुवार

घरी. प्लेटलेट एक लाख दहा हजार. बाळ लाथा मारतंय, अक्काच्या हातालासुद्धा लागली. भूपेंद्रराव निघताना माझ्या पाया पडले. मला भूमी दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं.

मयुरीला अजून काही माहीत नाही. घागर कुठे आहे म्हणून विचारलं तिने. उद्या सांगतो म्हटलं.

१५, १६

सांगितलं नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज सांगितलं. अळ्या, ज्योतीशी बोललेलं खोटं, सगळं. म्हटलं, पोरी, तुझा ताप मी पाळला.

ती रडायला लागली. मग म्हणाली —

"पप्पा, पाणी मी काढायचे. तुम्हाला दुपारी डुलकी लागली की एक तांब्या. मोरीवरून अंगणात जायचे, कढीपत्त्याला घालायचे. त्या दिवशी तुम्ही दोन बोटांचं सांगताना हसलात ना. आई गेल्यावर पहिल्यांदा हसलात. मग वाटलं, अजून दोन बोटं कमी करू." नाक पुसलं. "गाठ तेवढी मला जमत नव्हती."

उठलो. पालथी घागर सरळ केली, आज सकाळी भरून ठेवलेलं नळाचं पाणी तिच्यात ओतलं, घटकाभर गार होऊ दिलं आणि पेला भरून तिला दिला. तिने पिऊन पुढे केला. पुन्हा भरला. पुन्हा.

मोजले नाहीत.