ज्याला नियम नाही, ते छापलं जातं

लाडक्या ताईस,

मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं.

माझं काम काय, असं तू विचारलं होतंस. डॉक्टर संगणकात पेशंटची माहिती भरतात. मी संगणकासाठी लिहिलेले नियम त्यातून पेशंटने घरी न्यायचा कागद बनवतात. नाव आलं की ठळक छाप, औषधं आली की तक्ता कर. मूळ नोंद तशीच राहते.

डॉक्टरांच्या खासगी शेऱ्यासाठी मी नियमच लिहिला नाही. वाटलं, नियम नाही म्हणजे छापणार नाही. पण हे नियम ज्या संगणकाच्या भाषेत लिहितात, तिच्यात उलटं आहे. ज्याला नियम नाही, तो मजकूर जसाच्या तसा कागदावर उतरतो. गाळायचा असेल, तर तसाही नियम लिहावा लागतो.

आज एका पेशंटची बायको कागद घेऊन आमच्या ऑफिसच्या दारात आली. तळाशी छापलं होतं, ‘आशा कमी. घरच्यांना इतक्यात सांगू नये.’ ती हळूच म्हणाली, “हे यांच्याबद्दल आहे का?”

उद्या साहेबांनी बोलावलंय. नोकरीचं काय व्हायचं ते होईल.

ताई, फोनवर तू बाबांची झोप सांगतेस, जेवण सांगतेस. तपासणीचं विचारलं की आवाज नीट येत नाही म्हणतेस. मला ते असं तळाशी वाचायला लावू नकोस.

तुझीच,
धाकटी