आकडा नॉर्मल होता

३ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

छकुली काल पाच महिन्यांची झाली. पालथी पडते आणि पडल्यावर स्वतःच दचकते. पण छकुलीच्या आईचं काही खरं नाही बघ. बाळंतपणात रक्त फार गेलं, तेव्हापासून ही सावरलीच नाही. दूध थेंबभरही आलं नाही. भर दुपारी स्वेटर घालते, शिलाई मशीनवर बसते आणि अर्धी बाही लावून तशीच डुलक्या घेते. विचारलं तर म्हणते, अंगात त्राणच नाही. इथल्या डॉक्टरांना थायरॉइडचा संशय आहे. परक्या लॅबवर माझा भरवसा नाही, म्हणून तुझ्या लॅबच्या माणसाबरोबर हिच्या रक्ताची नळी पाठवतोय. तेवढं तूच बघ.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा भुंग्या

११ फेब्रुवारी

चि. भुंग्यास अ. उ. आ.

नळी रांग मोडून आधी लावली. थायरॉइडचा टीएसएच अगदी नॉर्मल. आमच्याकडे तोच आकडा आधी काढतात. तो बरोबर आला की पुढची तपासणी नाही, उरलेलं रक्त टाकून देतात. मी माझ्या हाताने टाकलं. तेव्हा काळजी सोड.

राग मानू नकोस, पण तू बायकोला डोक्यावर बसवलंयस. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करून आलेला नवरा दुधाच्या बाटल्या उकळतो म्हटल्यावर कोण उठेल? मी तिसऱ्या महिन्यात कामावर हजर झाले होते. पांघरूण काढ, कामाला लाव, आपोआप ताळ्यावर येईल. हे पत्र तिला वाचून दाखवलंस तरी माझी हरकत नाही.

छकुलीचा पापा घे, आणि आम्हाला विसरू नका.

ताई

१९ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

तुझं पत्र मी हिला वाचून दाखवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून हिने दुपारचं पडणं बंद केलं. परवा तापाने फणफणली, उलट्या झाल्या, तरी मशीनवर बसली आणि तिथेच कोसळली. हॉस्पिटलमध्ये रक्तदाब लागेना, साखर पार खाली. अजून डोळे उघडत नाही.

डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं, बाळंतपणात रक्त किती गेलं. मग कागदावर काढून दाखवलं. मेंदूत हायपोथॅलॅमस, त्याच्या खाली वाटाण्याएवढी पिट्युटरी. वरचा खालचीला निरोप धाडतो, ती पुढे थायरॉइडला, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना, दुधाला, पाळीला हुकूम सोडते. गरोदरपणात ती फुगलेली असते. रक्त एकदम गेलं की उपाशी पडून सुकते. म्हणजे वरून बटण दाबलं जातंय, खाली मोटर धडधाकट, मधलं पॅनल जळालंय. मला लगेच कळलं गं! रोजचंच काम माझं. पण हे पॅनल बदलता येत नाही म्हणाल्या. हार्मोन बाहेरून द्यायचे, जन्मभर. इंजेक्शनं सुरू केलीत.

आधीचा रिपोर्ट कुणी बघितला, असं त्यांनी विचारलं. मी तुझं नाव घेतलं नाही. ताई, मी काय करू? छकुलीला घेऊन जिन्यात नुसता उभा आहे.

भुंग्या

२३ मार्च

चि. भुंग्यास,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. थायरॉइड ढेपाळली की पिट्युटरी ओरडून हुकूम सोडते, तो हुकूम म्हणजेच टीएसएच, तो चढतो. सतरा वर्षं आम्ही ते ओरडणंच शोधतोय. ओरडणारीच मुकी झाली तर आकडा नॉर्मल दिसू शकतो. रक्त फार गेलं, दूध नाही, सगळं तू लिहिलं होतंस रे! परक्या बाईचं असतं तर मी डॉक्टरांना विचारलं असतं. घरची म्हणून निवाडाच देऊन टाकला.

डॉक्टरीणबाईंना माझं नाव सांग. रजा मिळो न मिळो, शनिवारी येते. तोवर तिच्या कानाशी जाऊन सांग, की तुझी नणंद चुकली. ऐकू जात नसलं तरी सांग.

ताई

२६ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी हिने डोळे उघडले. तुझा निरोप त्याआधी मी तीनदा सांगितला होता, पण तो पोहोचला नसावा. गोळ्या आता एक दिवसही चुकवायच्या नाहीत, ताप आला तर डोस वाढवायचा. छकुलीला कुशीत ठेवलं, तर हिला हात उचलवेना. मी धरून ठेवला.

तुला लिहू नये असं वाटत होतं, पण लपवून तरी काय करू. शुद्धीवर आल्यावर हिने पहिलं मला विनवलं, की दोन मिनिटं द्या, मी उठतेच आहे, पण आडवी झाले होते हे वन्संना कळवू नका.

भुंग्या