घे नाव

बाबा, तुम्ही निवडणूक हरलात तो दिवस घरात कोणी विसरलं नाही, कारण तुम्ही विसरू दिला नाही. आमदार होतात तेव्हा सकाळी ओसरीवर माणसं मावत नसत. आणि विरोधात उभा कोण, तर सायकलवर फिरणारा सिंदीचा एक मास्तर! तुम्ही हसायचात. मायला म्हणालात, "तू पुढं चाल, बायका तुह्या मागून येतीन." आल्या की. मतदानाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात ही रांग, सगळ्यांत पुढे माय, आणि तिचा पदर धरून मी. टेबलामागचा कारकून विचारतो, "नवऱ्याचं नाव?"

मायनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. नवी नवरी असताना तुमचं नाव एकदा तिच्या तोंडून निसटलं, तर तुम्ही ताटावरून उठला होतात. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे तिला तुमच्याच आईनं शिकवलेलं. ती म्हणाली, "गावच्या भिताडावर लिवलं हाये ना, तेच." टेबलाशेजारी बसलेला मास्तराचा माणूस अडून बसला, तिनंच सांगावं. मागून कोणीतरी ओरडलं, "उखाण्यात घ्या ना वयनी!" सगळे फिदीफिदी हसले. एरवी हळदीकुंकवाला झरझर उखाणे घेणारी माय, तिला एक ओळ सुचेना. ती वळली आणि घराकडे चालू लागली. मालकीणच निघाली म्हटल्यावर मागच्या बायकाही मत न देताच निघाल्या.

तुम्ही शेजारच्या हिंगणीत आपटलात, मास्तराच्या सिंदीत आपटलात, पण दोष तिच्या एकटीचा. निकालानंतर रोज सकाळी, ओसरीवर उरलेल्या चार टाळक्यांसमोर, चहा घेऊन आलेल्या मायला तुम्ही उभं करायचात. "घे नाव. आता काऊन नाई निघत? उखाणा नको, सरळ घे. मोठ्यानं!" घेतल्याशिवाय तिला जेवण नाही. ती घ्यायची, मग देवापुढे जाऊन नाक घासायची. ती माणसं चहा पीत बघत राहायची. कसली मेली माणसं!

पुढच्या उन्हाळ्यात छातीत कळ येऊन तुम्ही गेलात. माय रडली नाही. "मीनंच खाल्लं त्याइले," एवढंच म्हणायची, मरेपर्यंत तेच. तुमची आई तर तिला खायलाच उठायची. मी लग्न केलं नाही, म्हणून माझ्या मतदान कार्डावर अजून तुमचंच नाव आहे.

परवा मतदान झालं. आता चिठ्ठीवर सगळं छापलेलं असतं, कोणी काही विचारत नाही. तरी टेबलापुढे उभी राहून मी तुमचं नाव आडनावासकट खणखणीत घेतलं. टेबलावरची पोरगी म्हणाली, "आजी, मी विचारलं नाई." म्हटलं, "माहीत हाये मले."

हे पत्र टाकू कुठे, तुमचा काय पत्ता? पण एक कबूल करते. नाव घेतल्यानं आयुष्य कमी होतं, हे मी कधी मानलं नाही. तरी दर मतदानाला ते घेताना वाटतं, मायचं खरं असायला हवं होतं, आणि कमी करायला तुमचं थोडं आयुष्य शिल्लक असायला हवं होतं.