रिकामं कव्हर

प्रिय ब्रॉन,

तुमच्या संघाची बस वळणाआड गेली, तिने उडवलेली धूळ खाली बसली, तरी मी मैदानाच्या फाटकाशीच उभा होतो. इतक्या महिन्यांनी गावात आलीस, आमच्याविरुद्ध खेळलीस आणि घरी चहालाही न थांबता मेलबर्नला परत गेलीस. आईने तुझ्यासाठी केलेले लॅमिंग्टन केक शेवटी आमच्या कप्तानाने, डॅरिलने, संपवले.

गावात अजून त्याच विकेटची चर्चा आहे. काल पाव आणायला त्याच्या बेकरीत गेलो तर डॅरिल भट्टीपासूनच ओरडला, "या म्हातारबुवा! पोटच्या पोरीला यष्टिचीत करणारा बाप आजच बघतोय!" दुकानातली माणसं हसली. मीही हसलो.

गव्हाची कापणी उरकली की आपण पाण्याच्या टाकीमागे खेळायचो, तेव्हा तुला बाद करता करता माझी बोटं सोलून निघायची. मी कव्हर रिकामं सोडायचो आणि ऑफ स्टंपच्या बाहेर हळू, उंच लेगब्रेक टांगायचो; मार बाई तिकडे, अशी लालूच. तू बॅट वर उचलून चेंडू जाऊ द्यायचीस. "बाबा, आमिष दिसतंय आणि गळही दिसतोय." मग मी क्रीजच्या कडेवरून टाकून बघायचो, गुगली लपवायचो, एकाच टप्प्यावर मारा करून तुला कंटाळवू बघायचो. कंटाळायचो मीच. कोंबड्या खुराड्यात शिरायच्या, आई हाका मारून दमायची, आणि तू नाबाद.

शनिवारी तू खेळायला उतरलीस तसा डॅरिलने चेंडू माझ्या हातात दिला. "काका, पोरीची गय करायची नाही हं." म्हटलं, "अरे, तिने माझी केली तर बरं." मी आधी पायांवर टाकून तुझ्या धावा रोखल्या. मग स्लिप काढली, कव्हरचा माणूस पार सीमेवर पाठवला. निदान तासभर तरी आपलं हे चालेल असं मला वाटलं होतं. खरं सांगू? मला विकेट नकोच होती गं, तो तासच हवा होता. उन्हात, माश्या वारत, समोरासमोर आपण दोघं.

आणि पहिल्याच आमिषाला तू पुढे धावलीस. चेंडू तुझ्यापासून हातभर लांब होता. यष्टिरक्षकाने बेल्स उडवल्या तरी तू मागे वळली नाहीस, बॅट टेकवायचा प्रयत्नसुद्धा केला नाहीस. "छान टाकलास, बाबा," म्हणालीस आणि चालू लागलीस. पोरं माझ्या अंगावर उड्या मारत होती, मी तुझ्या पाठीकडे बघत होतो. तो चेंडू छान नव्हता, ब्रॉन. दहा वर्षांची असतानाही तू तो सोडून दिला असतास.

नंतर आईने विचारलं, ट्रेव्हर का नाही आला, तुम्हा नवरा-बायकोचं बरं चाललंय ना? तू टॉवेलने तोंड पुसत राहिलीस. "ठीक आहे सगळं." एवढंच.

घरी परतताना गाडीत आई म्हणाली, "जिंकलास ना? मग तोंड का असं?" तुला बाद करायला मी उभा जन्म घालवला, आणि शनिवारी मी तुला बाद केलंच नाही. तू बाद व्हायलाच आली होतीस. तुझ्या घरात काय घडलंय ते मला ठाऊक नाही, पण तू थकलीयस एवढं कळलं. शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं गाडी घेऊन तुझ्याकडे निघतोय. वाटलं तर सांग, नाही तर नको सांगूस. सामान तेवढं भरून ठेव. आईला मी यातलं शब्दानेही बोललो नव्हतो. काल तिने आपणहून तुझ्या पलंगावर धुतलेली चादर घातली आणि कागद-पेन माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, "पत्रच लिही. फोनवर ती परत 'ठीक आहे' म्हणेल."

तुझाच,
बाबा