टांग्याच्या फळीबाबत

मी, आदिनाथ पुंजाराम शिरसाठ, वय २७ वर्षे, धंदा सुतारकाम व इलेक्ट्रिक गिटार बनवणे, राहणार वॉर्ड नंबर ७, श्रीरामपूर, जिल्हा अहिल्यानगर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय आणि सकाळचा चहा घेऊन हे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहितो. सोमवारी माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर हसले. "हर्नियासाठी मृत्युपत्र? अरे, बुधवारी घरी असशील." त्यांचे खरे ठरो. शिक्षण दहावी नापास असल्यामुळे अवघड शब्द बहिणीच्या शब्दकोशात पाहिले आहेत. खाडाखोड असेल तेथे माझी सही असेल. सही नसलेली खाडाखोड माझी समजू नये.

१. राहते घर आई, चांगुणा पुंजाराम शिरसाठ, हिच्याच नावावर आहे. त्यामुळे मी ते कोणाला देऊ शकत नाही. बँकेत जे असेल ते तिचे. माझ्या फोटोला तिने मोठी फ्रेम विकत आणू नये. सागवानी पट्ट्या कापून शेडमध्ये ठेवल्या आहेत.

२. रंधे, पटाशा, करवती, लाकूड कोरायचा राउटर आणि लटकता वजनकाटा बहीण मोनिका हिला. तिचा हात माझ्यापेक्षा सरळ चालतो, हे मी तिला कधी सांगितले नाही. चुलतभाऊ छगन याला रंधा उसनाही देऊ नये. एकदा नेला तेव्हा पात्याला खाच पाडून आणला आणि वर म्हणाला, "गिटार म्हंजी काय रं, पाटाला तारा!" खाच मी घासून काढली. बोलणे राहिले आहे.

३. वजनाची वही हीसुद्धा मोनिकाला. प्रत्येक गिटारचे लाकूड, वजन आणि पट्टा गळ्यात घातल्यावर नेक, म्हणजे गिटारची मान, खाली झुकते की नाही, हे त्यात लिहिले आहे. बॉडी फार हलकी केली तर नेक जमिनीकडे जाते आणि वाजवणाऱ्याचा डावा हात ती सावरण्यातच दमतो. जड केली तर खांदा जातो. वहीतली एकच नोंद खोटी आहे. पान १९: "परवेझ, बाभूळ, ३ किलो ६००." कोणत्याही सुताराला ती पाहताच कळेल. बाभूळ एवढी हलकी नसते.

४. हे मृत्युपत्र खरे तर या कलमासाठी आहे.

परवेझ जैनुद्दीन शेख ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. सातवीपासून माझा मित्र आहे. त्याचे वडील जैनुद्दीनचाचा स्टेशनवर टांगा चालवत. ते वारल्यावर टांगा मोडला, तेव्हा त्यांच्या बैठकीची बाभळीची जाड फळी परवेझने माझ्याकडे आणली. "अब्बा तीस वर्षं यावर बसले. यातून गिटार कर."

मी म्हणालो, बाभूळ जड पडेल. ऑर्केस्ट्राचा टेम्पो नेवासा रोडला उलटला होता तेव्हापासून त्याच्या डाव्या खांद्याच्या हाडात स्टीलची पट्टी आहे, आणि गिटारचा पट्टा तिथेच बसतो. तो म्हणाला, "वजन तर वजन. बापाचंच आहे ना?"

मी बॉडी कापली, घासली, काट्याला लावली. नुसती बॉडी चार किलो. नेक, चुंबके, बाकीचे सामान धरून साडेपाच. लग्नात तो चार-चार तास उभा असतो. दुसरे लाकूड घेऊ का, असे मी त्याला पुन्हा विचारायला हवे होते. विचारले तर तो नाहीच म्हणेल, म्हणून विचारले नाही. दरवाजाच्या कामातून उरलेल्या शिवणीच्या हलक्या लाकडाची तशीच दुसरी बॉडी केली, रेषा दिसू नयेत इतका गडद रंग दिला आणि वर टांग्याचा पितळी बिल्ला, नंबर ४१, बसवला. तेवढा एकच खरा.

त्याने गिटार उचलली. "एवढी हलकी?"

"वाळली ना. पाणी उडालं सगळं."

मग वाजवली आणि म्हणाला, "ऐक आदि, टापा ऐकू येतात!"

लाकडाने इलेक्ट्रिक गिटारचा आवाज किती बदलतो यावर वाजवणारे भांडत असतात. माझ्या कानाप्रमाणे बरेचसे काम तारा, तारांखालची चुंबके आणि बोटे करतात. त्यामुळे टापा त्याच्या बोटांतच होत्या, लाकूड कोणते का असेना, अशी मी मनाची समजूत घातली. ती ईदपर्यंत टिकली. ईदला त्याची आई मुबारकबी चाची यांनी ती गिटार मांडीवर घेऊन थोपटली. "घोडा दमला की हे असंच थोपटायचे," म्हणाल्या. त्या माझ्या दरवाजाच्या तुकड्याला थोपटत होत्या आणि मी समोर बसून त्यांच्या हातचा शीरखुर्मा खात होतो. त्यानंतर त्या घरी गेलो नाही.

५. बाभळीची खरी बॉडी शेडमध्ये कामाच्या टेबलाखाली गोणपाटात आहे. माझ्या मागे ती परवेझला द्यावी आणि कलम ४ त्याला वाचून दाखवावे. मी त्याचा खांदा वाचवला असे कोणी त्याला सांगू नये. खांदा त्याचा होता.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

दुरुस्ती, रविवार, १६ नोव्हेंबर २०२५. आज सहीसाठी वखारीचे मच्छिंद्रमामा आले. मागोमाग, माझ्या आईकडून कळले म्हणून, परवेझही आला.

"मामा साक्षीदार चालतात, मी नाही?"

"ज्याला काही मिळतं, त्यानं साक्षीदार होऊ नये."

"म्हणजे मला काहीतरी देतोय! काय? राउटर?"

मी त्याच्या हातात कागद दिला. त्याने उभ्यानेच वाचला. चौथे कलम दोनदा वाचले. मग स्वतःच टेबलाखाली वाकून गोणपाट ओढले, बॉडी दोन्ही हातांनी उचलून डाव्या खांद्यावर ठेवली आणि तशीच धरून राहिला. घाम आला तरी खाली ठेवेना.

"अब्बा एवढे जड होते?"

मी रिकाम्या गोणपाटाची घडी घातली.

"मी नाहीच म्हणालो असतो," तो म्हणाला. "पण विचारायचं होतंस, आदि. अम्मीला कोण सांगणार?"

"मी सांगतो. ऑपरेशन झालं की."

"आधी. आजच."

बॉडी घेऊन त्याच्या घरी निघायचे ठरले. त्याच्याने आता उचलवेना आणि मला डॉक्टरांनी उचलायला मनाई केली आहे. मच्छिंद्रमामा म्हणाले, "सरका तिकडं. एक खांद्यानं गेलेला, एक पोटानं. मीच घेतो."

त्याने मला माफ केले असे तो म्हणाला नाही. पेन मात्र मागितले.

कलम ५ रद्द. वस्तू मालकाला माझ्या हयातीत परत दिली आहे. वहीतले पान १९ दुरुस्त केले: "शिवण." दोन्ही ठिकाणी माझी सही आहे.

ठिकाण: श्रीरामपूर

लिहून देणार: आदिनाथ पुंजाराम शिरसाठ (सही)

साक्षीदार १: मच्छिंद्र श्रीमंत गवारे (सही)

साक्षीदार २: परवेझ जैनुद्दीन शेख (सही). सगळे वाचले. या मृत्युपत्रातून मला काहीही मिळत नाही.