क्रशरच्या तोंडाशी

सोमवार, ४ मार्च

माझं नाव लागलं! गाड्यांचा वजनकाटा सुटला. आता नव्या प्लांटची कंट्रोल रूम. इंजिनिअर म्हणाला, "बाई, खडी फोडणाऱ्या क्रशरच्या तोंडाशी आता कुणीच उभं राहणार नाही. दगड अडकला की इथून दांडी हलवायची, बाहेरचा लोखंडी हात तो फोडेल."

कुणीच नाही! मला रडूच फुटलं. तो बिचारा गडबडला. त्याला काय ठाऊक — गेल्या वर्षी अडकलेला दगड सोडवताना माझा धाकटा दीर त्याच तोंडात गेला. आणि त्याच्या जागी आता पहार घेऊन हे उभे राहतात. रोज.

घरी सांगितलं. हे जेवत होते. "मग मी?" एवढंच म्हणाले.

शनिवार, ९ मार्च

प्लांटवाल्यांनी ह्यांना गेटवर वॉचमन व्हा म्हटलं. हे नाही म्हणाले. कारण विचारलं तर अंथरूण घालायला लागले.

सोमवार, १८ मार्च

नवा प्लांट सुरू, जुनं क्रशर बंद. धूळ खरंच कमी — पाण्याचे फवारे आपोआप उडतात, खडी एकसारखी पडते. नाक शिंकरलं तर रुमाल पांढराच!

पण कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ बसली की मशीनला वाटतं दगड अडकलाय. सगळं ठप्प! दुपारभर इंजिनिअर फडकं घेऊन शिडीवर. माणसं निम्मी उरलीत. जी उरलीत ती माझ्याशी तुटक बोलतात — जणू बाकीच्यांना मीच काढलं.

मी दिवसभर पडद्यासमोर बसते हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "टीव्ही बघायचा पगार देतात होय गं तुला?" आम्ही दोघी खूप हसलो. धाकटे भावजी गेल्यापासून घरात हसू नव्हतं. हे मात्र ताटावरून उठून गेले.

मंगळवार, २ एप्रिल

केवढा धोंडा अडकला आज! खुर्चीत बसून फोडला. भावजी, हे मशीन वर्षभर आधी का नाही आलं?

घरी येऊन ह्यांना उत्साहानं सांगायला गेले. नको होतं सांगायला. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तिथं उभं राहिलं की धाकटा शेजारी असल्यासारखा वाटायचा. तेवढंही नेलंत तुम्ही."

तुम्ही! मला!

गुरुवार, ११ एप्रिल

हे गेले. डोंगरापलीकडच्या खाणीत काम मिळालंय. सासूबाईंनी खोदून विचारलं, "काम कसलं रे?"

"गाड्या भरायचं."

दोघींच्याही जिवात जीव आला. पिशवी मी भरून दिली. जाताना वळून पाहिलं नाही.

शनिवार, २७ एप्रिल

ह्यांचा फोन! आवाज कसा खणखणीत, लग्नातल्यासारखा. "अगं, आपलं जुनं क्रशर इथल्या मालकानं विकत घेतलंय! आज बसवलं. तोंडाशी उभं राहायला कुणी तयार होईना — मीच मागून घेतली जागा. धाकटा भेटल्यासारखं वाटलं बघ!"

"अहो, परत या ना," मी म्हटलं. तेवढ्यात पलीकडे क्रशर सुरू झालं. पुढचं काही ऐकूच आलं नाही.